सैल धरलेला 'मी'

माझ्या मावशीला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. सकाळी ती ठणठणीत असते. आंघोळ, देवपूजा, पोथी सगळं तिचं ती करते. दुपार कलली की डाव्या डोळ्याची पापणी खाली यायला लागते, दिवेलागणीला एकाच्या दोन वस्तू दिसतात, आणि रात्री जेवताना भाकरीचे पहिले काही घास नीट जातात, मग जबडा थकतो. हनुवटीखाली तळहात धरून ती उरलेली भाकरी चावते.

निदान झालं तेव्हा ती पन्नाशीच्या आतलीच होती. घरी भेटायला येणाऱ्यांना मी एका वाक्यात सांगत असे, की तिची प्रतिकारयंत्रणा तिच्याच स्नायूंवर हल्ला करते आहे. त्या वाक्याचं लोकांनी जे केलं ते पाहून माझ्या जिवाला लागलं. एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे शरीरच शरीरावर उठलं. मागचं काहीतरी फेडायचं राहिलं असणार." शेजारच्या बाईंना दुसरंच कारण सापडलं, "यांनी जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नाही. राग आत दाबला की तो आतूनच खातो." मावशी हे सगळं ऐकत होती. रात्री मला म्हणाली, "माझं माझ्याशीच काय भांडण आहे गं?"

वैद्यकातलं उत्तर मी तिला दिलं. स्नायूंवर असिटिलकोलीन नावाचं रसायन टिपणारे रिसेप्टर असतात, तुझ्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पुरता पोचत नाही. पण ती हे विचारत नव्हती. आत कुणी बसलंय का, मी कोण हे ज्याला पक्कं ठाऊक आहे आणि तरीही जो माझ्यावर उलटला, हे तिला हवं होतं. हा प्रश्न धर्माच्या आणि दर्शनांच्या घरचा आहे. गंमत अशी की माझी विद्याही गेली पाऊणशे वर्षं याच भाषेत बोलते. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी फ्रँक फेनर यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात १९४९ साली मांडलं, की प्रतिकारयंत्रणेपुढचा खरा प्रश्न 'स्व' आणि 'पर' यांतला भेद कसा होतो हा आहे. तेव्हापासून आम्ही डॉक्टर मंडळी हे दोन शब्द सहज वापरतो. शरीरात 'स्व' नावाचं काही खरंच आहे का, असलं तर ते जाणणारं कोण, हे मात्र फार थोडे विचारतात.

मी सांगलीत पॅथॉलॉजी करते आणि शिकवते. हा भेद जिथे घडतो ती थायमस ग्रंथी मी कितीदा तरी हातात धरली आहे. लहान मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन असलं की छातीचं मधलं हाड उघडल्यावर हृदयाच्या समोर हीच आडवी येते. सर्जन तिचा काही भाग काढतात आणि तो फॉर्मॅलिनच्या बाटलीतून आमच्याकडे येतो. दोन पाळ्यांची, फिकट, बोटाला मऊ लागणारी. तिचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आधी दोन प्रदेश दिसतात. कडेचा कॉर्टेक्स गर्द जांभळा, कारण तिथे लहान लहान पेशी एकमेकींना खेटून असतात. मधला मेड्युला फिका, आणि त्यात गुलाबी, वलयांवर वलयं चढलेली हॅसल यांची गोलकं. विद्यार्थ्यांची नजर गोलकांवर जाते, कारण परीक्षेत तीच विचारतात. मी त्यांना मोठं भिंग लावून कॉर्टेक्सकडे पाहायला सांगते. त्या गर्दीत अधूनमधून एखादी मोठी, फिकट पेशी असते, आणि तिच्या पोटात गडद चुरा असतो. तो चुरा मेलेल्या टी पेशींचा, म्हणजे इथे घडणाऱ्या, जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा.

थायमसमध्ये जन्मणाऱ्या शंभर टी पेशींपैकी पंचाण्णवांहून अधिक पेशी तिथेच मरतात. तरुण उंदराच्या थायमसमध्ये दिवसाला सुमारे ५ कोटी नव्या पेशी तयार होतात आणि बाहेर पडतात फक्त १० ते २० लाख. एवढ्या संहारानंतर एरवी शरीरात सूज आली असती, पू झाला असता. इथे काही नाही. मेलेली पेशी शेजारची भक्षकपेशी उचलते आणि गर्दी तशीच पुढे सरकते. हे दृश्य मला अजूनही अस्वस्थ करतं. आपण 'मी' म्हणून निर्धास्त फिरतो, त्याच्या तळाशी हे आहे.

या ग्रंथीला कित्येक शतकं कुणी किंमत दिली नव्हती. मोठ्या माणसात ती वाळत जाते, तिच्या जागी चरबी भरते, आणि तेव्हा काढून टाकली तर लगेच काही बिघडताना दिसत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर मुलांची थायमस 'वाढलेली' आहे असं ठरवून तिच्यावर क्ष-किरण सोडत, आणि त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. १९६१ साली लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत जॅक मिलर उंदरांच्या रक्तकर्करोगावर काम करत होते. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढली. ती पिल्लं खंगली, त्यांच्या रक्तात लसिकापेशी फार कमी राहिल्या, आणि परक्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली तर ती त्यांनी नाकारली नाही. स्व आणि पर यांतला भेदच त्यांना करता येईना. हे छापून आल्यावरही पीटर मेडावार यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचं मत होतं, की थायमसमधल्या या पेशी म्हणजे उत्क्रांतीतला एक बिनमहत्त्वाचा अपघात. मिलर यांचं म्हणणं खरं ठरायला बरीच वर्षं गेली.

आता थायमसमध्ये टी पेशी काय करते ते पाहू. टी पेशी अस्थिमज्जेतून थायमसमध्ये येते तेव्हा तिच्याकडे ओळखण्याचं साधन, म्हणजे रिसेप्टर, नसतं. ते ती तिथे घडवते, आणि घडवण्याची रीत विलक्षण आहे. रिसेप्टरसाठी जनुकांचे अनेक सुटे तुकडे असतात. रॅग नावाची दोन प्रथिनं त्यांतले काही कापतात, मधले टाकून देतात, उरलेले जोडतात, आणि सांध्यावर आणखी काही अक्षरं कुठलाही नमुना समोर नसताना भरली जातात. म्हणून प्रत्येक नवी पेशी वेगळा रिसेप्टर घेऊन जन्मते. गोवराचा किंवा क्षयाचा जंतू पाहून त्याच्या मापाचा रिसेप्टर बनत नाही. जंतू भेटण्याच्या कितीतरी आधी, आंधळेपणाने, कोट्यवधी मापं तयार होतात. त्यांत पुढे कधीतरी उपयोगी पडणारी असतात, कशालाच न लागणारी असतात, आणि स्वतःच्याच शरीराला घट्ट बसणारीही असतात.

मग निवड होते. कॉर्टेक्समध्ये थायमसच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं धरून उभ्या असतात आणि त्यांच्या खोबणीत शरीरातल्याच प्रथिनांचे बारीक तुकडे बसवलेले असतात. नव्या पेशीला त्यांना निदान हलकेच धरता आलं पाहिजे. ज्या पेशीला ते मुळीच धरता येत नाही तिला जगण्याचा इशारा मिळत नाही आणि ती तीन-चार दिवसांत मरते. मेलेल्यांतल्या बहुतेक पेशी याच असतात, स्वतःच्या शरीराशी काही संबंधच न जुळलेल्या. उलट ज्या पेशी फार घट्ट धरतात, त्यांनाही मारलं जातं. जगतात त्या हलक्या हाताने धरणाऱ्या.

१९८८ साली बाझलच्या इम्युनॉलॉजी संस्थेत हाराल्ड फॉन बोमर आणि पोलंडचे पावेल किसिएलोव यांच्या गटाने यावर एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी असे उंदीर तयार केले, की बहुतेक टी पेशींवर एकच रिसेप्टर असावा, आणि तो रिसेप्टर फक्त नरांत असणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा ओळखणारा असावा. माद्यांमध्ये ते प्रथिन नाही. तिथे या पेशी नीट वाढल्या, पक्व झाल्या, बाहेर पडल्या. नरांत मात्र थायमस लहानसर राहिली, कारण त्याच पेशी तिथे मेल्या. पेशी तीच, रिसेप्टर तोच. एका शरीरात ती योग्य, दुसऱ्यात घातक. पेशीच्या अंगी 'चांगली' किंवा 'वाईट' असं काही नव्हतंच. जे होतं ते दोघांच्या नात्यात होतं.

हे सगळं मी अप्पांना सांगितलं. माझे वडील वाईला प्रज्ञापाठशाळेत काही वर्षं शिकले आणि नंतर आयुष्यभर हायस्कुलात संस्कृत शिकवलं. मी बोलत असताना ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुझी ग्रंथी दिङ्नागाच्या पंथातली आहे."

दिङ्नाग हा पाचव्या-सहाव्या शतकातला बौद्ध तर्कज्ञ. त्याचा अपोहवाद थोडक्यात असा, की 'गाय' या शब्दाने गाईचं कुठलंही सामान्य सार आपल्याला कळत नाही. जे जे गाय नाही ते वगळलं जातं आणि उरतं ती गाय. थायमसही तेच करते असं अप्पांचं म्हणणं. 'मी' म्हणजे काय हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही. 'मी'ला चावणारे वगळले जातात, आणि उरलेल्या पेशी ज्याला हात लावत नाहीत तो 'मी'.

"पण मग मीमांसक कुमारिलभट्टाचा आक्षेप तुला चुकणार नाही, बाळ," अप्पा म्हणाले. "श्लोकवार्तिकात तो विचारतो, अ-गाय वगळायची तर गाय आधी ठाऊक हवी. आणि गाय आधीच ठाऊक असेल तर वगळण्याचा खटाटोप कशाला? तुझ्या थायमसला 'मी' कोण ते आधी माहीत नसेल तर ती कुणाला मारायचं हे ठरवणार कशी? आणि माहीत असेल तर ते जाणणारा तिथे कोण बसलाय?"

हा आक्षेप इतका नेमका आहे, की इम्युनॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकात तो पहिल्या पानावर असायला हवा. आणि त्याचं उत्तर थायमसकडे आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मी अप्पांना विस्कॉन्सिनच्या रे ओवेन यांच्या वासरांची गोष्ट सांगितली. १९४५ साली ओवेन यांना जुळ्या वासरांच्या रक्तात विचित्र गोष्ट आढळली. गाईच्या पोटात अशा जुळ्यांच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाचं रक्त दुसऱ्यात जातं. जन्मल्यावर, अगदी मोठं झाल्यावरही, प्रत्येकाच्या अंगात दुसऱ्याच्या रक्तपेशी तयार होत राहतात, आणि शरीर त्यांना परकं मानत नाही. १९५३ साली मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी हे मुद्दाम घडवून आणलं. पोटातल्या उंदराला दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या, आणि तो मोठा झाल्यावर त्या जातीची कातडी त्याने स्वीकारली. त्या उंदराच्या 'मी'मध्ये आता आणखी कुणीतरी सामावलं होतं. कुठलंही सार बदललं नव्हतं. लवकर, योग्य वेळी समोर आलं ते 'स्व' झालं.

म्हणजे थायमसला 'मी' ठाऊक नसतो. ती फक्त दाखवते. जे दाखवलं जातं त्याला नवी पेशी किती घट्ट चिकटते, यावर तिच्या आतली रसायनं ठरवतात की ती जगेल की मरेल. 'हे माझं आहे का' असा प्रश्नच तिथे विचारला जात नाही. प्रश्न असतो तो पकड किती, कुठे आणि कधी, एवढाच. वगळण्यासाठी गाय आधी जाणावी लागते हे कुमारिलाचं म्हणणं वगळणारा जाणता असेल तर खरं आहे. इथे जाणताच नाही. जुळणाऱ्याला जागच्या जागी जुळू देणं आणि अति जुळणाऱ्याला संपवणं, एवढ्यावर भेद उभा राहतो. मला इम्युनॉलॉजीतली ही फार मोठी तात्त्विक गोष्ट वाटते, आणि ती आपल्याकडच्या जुन्या वादाला खरोखर काहीतरी नवीन देते.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी एका विषाणूने आजारी पडलेल्या उंदरांच्या मारक टी पेशी तपासत होते. त्या पेशी विषाणूग्रस्त पेशींना मारत. पण एका जातीच्या उंदराच्या टी पेशी त्याच विषाणूने ग्रासलेल्या दुसऱ्या जातीच्या पेशींना मारेनात. विषाणू तोच होता, मग अडलं कुठे? १९७४ साली त्यांनी मांडलं, की टी पेशी विषाणूला एकट्याला कधीच पाहत नाही. ती विषाणूची खूण आपल्याच शरीराच्या एचएलएसारख्या प्रथिनासोबतच पाहते, आणि दोन्ही मिळून ओळखते. या कामाला १९९६ साली नोबेल मिळालं. १९८७ मध्ये पामेला बियोर्कमन, डॉन वायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएलएच्या एका प्रकाराची स्फटिकरचना उलगडली तेव्हा त्याच्या माथ्यावर एक लांबट खोबण दिसली, आणि त्या खोबणीत काहीतरी आधीच बसलेलं होतं. ते प्रथिनांचे तुकडे होते. ती खोबण एरवी रिकामी नसते. विषाणू नसताना तिच्यात आपलेच तुकडे असतात, आठ ते दहा अमिनो आम्लांचे, दिवसरात्र बदलत राहणारे. परका येतो तो याच खोबणीत, आपल्याच हातावर ठेवून दाखवला जातो.

म्हणून टी पेशीने निखळ 'पर' कधी पाहिलेला नाही. थायमसबाहेर पडलेल्या टी पेशीलाही जगत राहायला स्वतःच्या एचएलएचा तो हलका स्पर्श वारंवार लागतो. कुठे 'स्व'ला सोडून द्यायचं आणि कुठे 'पर'ला धरायचं, असा सरळ व्यवहार नाही. स्वतःला सैल धरून ठेवणाऱ्यालाच परका दिसतो.

अप्पांनी आणखी एक अडचण काढली, आणि ती चोख होती. थायमस छातीत आहे. स्वादुपिंडात होणारं इन्सुलिन किंवा थायरॉइडमधली प्रथिनं तिथे नसतात. मग इन्सुलिनला चावणारी पेशी थायमसमध्ये मरणार कशी? याचं उत्तर २००२ साली मार्क अँडरसन, डियान मॅथिस, क्रिस्तॉफ बेन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. मेड्युलातल्या काही पेशी एअर नावाच्या जनुकाच्या जोरावर, स्वतःला काही उपयोग नसताना, शरीरभरच्या अवयवांची प्रथिनं थोडी थोडी बनवतात. छातीतल्या ग्रंथीत इन्सुलिनही असतं ते यामुळे. हे जनुक १९९७ साली सापडलं होतं, तेही एका दुर्मीळ आजाराच्या शोधात. ज्यांच्यात ते बिघडलेलं असतं, त्या मुलांच्या पॅराथायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथी त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेकडून निकामी होतात. फिनलंड, सार्डिनिया आणि इराणी ज्यू समाजांत हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो.

एवढं करूनही काही घट्ट धरणाऱ्या पेशी निसटतात, आणि त्यांतल्या काही मुद्दाम राखल्या जातात. हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. मरण्याइतक्या नाही, पण 'स्व'ला बऱ्यापैकी घट्ट धरणाऱ्या काही पेशींच्या वाट्याला वेगळंच काम येतं. त्या इतरांना आवर घालणाऱ्या होतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या नियामक पेशी ओळखल्या, तेव्हा पुष्कळांना त्या खऱ्या वाटत नव्हत्या. मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ जनुक शोधून काढलं, आणि ते बिघडलं तर लहान मुलग्यांमध्ये कातडी, आतडी आणि स्वादुपिंडावर कसा हल्ला होतो हे उघड झालं. तिघांना मिळून २०२५चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. 'स्व'शी सर्वांत जवळचं नातं असलेल्या जगल्यावाचल्या पेशीच 'स्व'च्या नावाने होणारा हिंसाचार थांबवतात, हे वाचून मी किती तरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आता मावशीकडे येते. तिची थायमस ऑपरेशन करून काढली. मायस्थेनियात याने पुष्कळ रुग्णांना फायदा होतो, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही तो दिसला. तिच्या ग्रंथीच्या स्लाइड्स मी पाहिल्या. मेड्युलात, जिथे एरवी ती नसतात, तिथे प्रतिपिंडं घडवणाऱ्या बी पेशींची गोल केंद्रं दाटली होती. मी त्या स्लाइड्समध्ये राग शोधला नाही, आणि कुणी शोधला तरी सापडणार नाही. तिथे कुणी मावशीवर उलटलेलं नव्हतं. कुणी तिला ओळखून दगा दिला नव्हता, कारण ओळखणारं कुणी नव्हतंच. अगणित आंधळ्या जुळवण्यांपैकी काही चाळणीतून सुटल्या, ज्या पेशींनी त्यांना आवरायचं त्या कमी पडल्या, आणि त्याचा भार तिच्या पापणीवर आला. ताप, ताण, काही औषधं यांनी तिचा त्रास वाढतो हे खरं आहे. दाबलेल्या रागातून ही प्रतिपिंडं जन्मतात, असं म्हणायला मात्र आधार नाही.

कर्माचं काय? मी श्रद्धाळू घरातली आहे आणि कर्मसिद्धान्ताला हसत नाही. पण त्याला कर्ता लागतो. ज्याने केलं त्याने भोगायचं, यात 'ज्याने' हा शब्द कळीचा आहे. जिथे करणारा कुणी नाही तिथे कर्म चिकटवणं हा सिद्धान्ताचाच अपमान आहे. संयुत्तनिकायात एक प्रसंग आहे. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी कारणं मोजतो, कर्म त्यांतलं केवळ एक, आणि सगळं पूर्वकर्मावर टाकणारे आपल्या अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या पलीकडे जातात, असं स्पष्ट सांगतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून पूर्वजन्माचा हिशेब काढणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा असं मला कळकळीने वाटतं. मावशीला मी तो वाचून दाखवला. ती पंढरीची वारकरी, बुद्धाचं काही तिने आधी वाचलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मग तो डॉक्टरच म्हणायचा की." आणि तिने मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

उपनिषदांत हे सगळं आधीच होतं, असं मला पुष्कळदा ऐकवतात. ते मला मान्य नाही, आणि तसं म्हणणं उपनिषदांनाही न्याय देत नाही. इम्युनॉलॉजीचा 'स्व' म्हणजे आत्मा नव्हे. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ असा भेद आहे, आणि ज्ञानदेवांनी त्यावर विस्ताराने लिहिलं आहे. तिथे महाभूतं आणि इंद्रियांबरोबर अहंकारही क्षेत्रातच मोडतो, जाणणाऱ्यात नाही. थायमसचं सगळं काम या क्षेत्रातलं. क्षेत्रज्ञ आहे की नाही याबद्दल माझी स्लाइड काही सांगू शकत नाही, आणि तिच्याकडून ते काढून घ्यायचा प्रयत्न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. ती एवढंच सांगते, की 'हे माझं, हे परकं' हा रोजचा, प्राण वाचवणारा भेद क्षेत्रज्ञाशिवाय होऊ शकतो. वेदान्ताला याने धक्का बसत नाही. त्याच्या सोप्या, बाजारी आवृत्तीला बसतो.

तसंच, समाजाला शरीर म्हणून परक्यांना जंतू ठरवणारी भाषणं आजकाल फार होतात. ज्यांना ती उपमा हवी त्यांनी ती पुरती घ्यावी. १९९६ साली डायना बियांची यांच्या गटाने दाखवलं, की मुलगा झालेल्या आईच्या रक्तात त्या मुलाच्या पेशी बाळंतपणानंतर २७ वर्षांनीसुद्धा सापडतात. आपण ज्याला निखळ शरीर म्हणतो त्यात दुसरे कायम राहत असतात.

अप्पांशी वाद अजून चालू आहे. शेवटचं बोलणं झालं ते दुसऱ्या इशाऱ्यावर. टी पेशीला आपल्या मापाचा तुकडा सापडला तरी ती एवढ्यावर पेटून उठत नाही. दाखवणाऱ्या पेशीकडून आणखी एक इशारा लागतो. तो नसेल तर ओळख पटूनही ती सुन्न होऊन बसते. अप्पांचे डोळे चमकले. "म्हणजे ती नैयायिक आहे! मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, खोटं ठरेपर्यंत खरं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून यावं लागतं. पण मग अनवस्था येते, आधाराला आधार लागतच राहतो. दुसरा इशारा खरा कशावरून?"

मी सांगितलं, की दाखवणारी पेशी तो इशारा देते ते जंतूंच्या अंगावरच्या काही ठरावीक खुणा तिच्या जन्मजात रिसेप्टरना लागल्या म्हणून. ते रिसेप्टर टी पेशीसारखे नव्याने जुळवलेले नसतात. ते वंशपरंपरेने आलेले, कोट्यवधी वर्षांत टिकून राहिलेले. अनवस्था तिथे थांबते.

"कुणीच न सांगितलेलं, तरी प्रमाण," अप्पा म्हणाले. "हे तर अपौरुषेय झालं. मीमांसक वेदाबद्दल हेच म्हणतात. कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोष नाहीत, म्हणून प्रमाण."

इथे मी त्यांना अडवलं. मावशीच्या शरीरात कर्ता नाही, हे तर मीच इतका वेळ सांगते आहे. तरी दोष आहे, आणि तो रोज संध्याकाळी तिच्या पापणीवर दिसतो. कर्ता नाही म्हणून दोष नाही, हे अनुमान मग टिकत कसं? आणि ते टिकत नसेल तर अपौरुषेयत्वावरून प्रामाण्य निघतं हेही पुन्हा तपासायला नको का?

अप्पांनी उत्तर दिलेलं नाही. कुमारिलाने 'दोष' म्हटलं ते ज्ञानातल्या दोषाला, देहातल्या बिघाडाला नव्हे, इथून ते सुरुवात करतील असा माझा अंदाज आहे. मला तो भेद पटत नाही, कारण टी पेशीचा बिघाड हा ओळखण्यातलाच बिघाड आहे. त्यांनी मला थांबायला सांगितलंय. आधी पुन्हा वाचतो म्हणाले.